गुरुवारची तारीख

"आय, दार लोटून घे, पन कडी लावू नको."

मितेशचं हे रोजचं सांगणं. जासईच्या कंटेनर यार्डात दुपारपाळी असली की परतायला उशीर व्हायचा, आणि झोपलेल्या आईला उठवणं त्याच्या जिवावर यायचं. बुटाची नाडी बांधता बांधता, मान वर न करता तो सांगायचा आणि ठमाबाई देवघरातूनच "हां रं" म्हणायची. दोन वर्षांपूर्वी यार्डाच्या फाट्यावर उलट्या बाजूने घुसलेल्या ट्रेलरखाली तो गेला. सांगणं मात्र राहिलं. तेव्हापासून त्या दाराची कडी कुणी लावली नाही. धाकटा दीर विनायक शेजारच्याच घरात राहायचा. त्याने वहिनीला पुष्कळ समजावलं, मग चिडला, आणि शेवटी हरून दारावर कॅमेरा बसवून घेतला. "कडी नको तं नको, चोराचा फोटू तरी येल," म्हणाला.

आज मात्र कडीचा प्रश्नच नव्हता. दार सताड उघडं होतं आणि दारापुढे रस्ताभर मांडव पडला होता. पळस्प्याच्या नाक्यापर्यंत ऐकू जातील असे स्पीकर लागले होते. डीजेवाला दर थोड्या वेळाने "हॅलो, चेक" म्हणायचा आणि ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या बायका एका सुरात "चेक!" असा जबाब द्यायच्या. पहिल्यांदा तो दचकला होता. आता तोही हसत होता.

उद्या गुरुवारी हळद, परवा लग्न. नवरी रंजिता. म्हणजे मितेशचीच बायको, ठमाबाईची सून. उरणच्या कोळ्यांचा विश्वजीत, बंदरात क्रेन चालवणारा, तिला मागणी घालून आला तेव्हा भावकीत कुजबुज झाली होती की हळद तिच्या माहेरी लावा, इथं कशाला. ठमाबाई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "ती आता लेक हाय माजी. लेकीची हलद आयशीच्या घरीच लागते." ती बोलायचीच इतकं हळू की तिच्याशी भांडायचं तर आधी ऐकू यायला हवं. समोरचा "काय?" म्हणेपर्यंत तिचं बोलून झालेलं असायचं आणि ठरूनही गेलेलं असायचं.

"बाय, माजे डोले गेले का या तांदलातले खडे वाढले?" विनायकची बायको भामा सूप झटकत म्हणाली.

"तू तोंडानं निवरतेस, म्हनून," चांगुणा धवलारीण म्हणाली. लग्नातले धवले गाणारी ही म्हातारी. भटजी उशिरा आला तरी चालेल, पण धवलारीण हलली तर मांडव हलतो, असा तिचा मान. पानाला चुना लावत ती खांबाला टेकून बसली होती.

तेवढ्यात दिपिकाची स्कूटर मांडवाच्या दोऱ्यांतून वाट काढत आली. ही विनायक-भामाची लेक, पनवेलच्या कोर्टात ज्युनिअर वकील. काळा कोट हातावर, गळ्यातली पांढरी फीत सुटलेली. आल्या आल्या तिने ठमाबाईला मागून मिठीच मारली.

"मोठी आई, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! उद्या दहाला निघू आपण. मी घेऊन जाते."

"कुटं गो?"

"कोर्टात. उद्या तारीख आहे ना."

"उद्याची तारीख तं हाय," भामा म्हणाली, "पन ती हलदीची. तुज्या कोरटात लावतात काय हलद?"

"आई, केसची तारीख! मितेशदादाच्या भरपाईच्या दाव्याची. साक्ष आहे उद्या. आमच्या ऑफिसातल्या क्लार्कने मोठ्या आईला फोन केलेला, ती येते म्हणाली. मग मी पण म्हटलं, चला, शेवटी मोठी आई साक्षीला तयार झाली."

ठमाबाईच्या हातातले तांदूळ ताटात परत सांडले. फोन आला होता खरा. "मावशी, गुरुवारची तारीख आहे हां, विसरू नका," असं कुणीतरी मोठ्या अगत्याने सांगत होतं. तिला वाटलं, आमंत्रण पोहोचलं म्हणून कळवतायत. ती म्हणाली होती, "विसरीन कशी, माज्याच घरचं कार्य! तुमी बी या. साहेबांना पन आना." पलीकडचा म्हणाला होता, "साहेब तर असणारच." तेव्हा तिला फार समाधान वाटलं होतं. मग ती म्हणाली, "जेवल्याबिगर कुनी जायाचं नाय." यावर तो बिचारा नुसतं "बघू" म्हणाला होता.

हे तिने हळू आवाजात सांगितलं. ओटीवर असा काही हशा उसळला की डीजेवाल्याने स्पीकरचा आवाज तपासून पाहिला. भामा तर सुपावर कोसळलीच. "जज्जाला पंगतीला बसवतेय माजी बाय!"

ठमाबाईही हसली. पण तांदळाचं ताट तिने बाजूला सारलं.

एकदा ती गेली होती त्या कोर्टात. बाकावर बसली होती. शिपायाने दारात येऊन मितेशचं पूर्ण नाव घेऊन "वारस हजर आहेत का" असा पुकारा केला, आणि ती उठून सरळ बसस्टॉपवर चालत गेली. त्या दिवसापासून तिने त्याचं नाव उच्चारलं नव्हतं. 'तो' म्हणायची, 'आमचा' म्हणायची. शिवाय दर गुरुवारी दुपारपर्यंत मौन धरायचं व्रत घेतलं होतं. व्रत श्रद्धेचंच होतं. पण ज्या दिवशी बोलायला लागत नाही त्या दिवशी फार हलकं वाटतं, हेही तिला ठाऊक होतं.

हशा ऐकून विनायक आतून आला. सगळं समजल्यावर तो खुर्ची ओढून बसला, म्हणजे भाषण होणार.

"बरं झालं, निगालाच इषय. वयनी, मी सांगतंव, ही केस मिटवून टाका. ट्रेलरच्या मालकाचा मानूस परत भेटला. लग्नाच्या आत सगलं मिटवतो बोलला. परवा रंजिता दुसऱ्या घरची झाली का केस बी गेली. मंग ना मालक इचारील, ना कोरट."

आतल्या खोलीत रंजिता बांगड्या लावून बघत होती. बांगड्यांचा आवाज थांबला. ती दारात येऊन उभी राहिली.

"मला पण सगळे हेच म्हणतात," ती म्हणाली. "मी बोलले नाही कुणाला. पण माझ्या लग्नामुळे त्यांची केस बुडणार असेल, तर आई, मला हे लग्नच नको."

"बघा!" भामा नवऱ्याच्या बाजूने म्हणाली. "पोरीच्या जीवाला घोर. मिटवा ना एकदाचं."

"कोण म्हणतं केस जाणार?" दिपिका म्हणाली.

"सगले बोलतात."

"सगळे कुठल्या कोर्टात बसतात, बाबा?"

बायका खुदकल्या. विनायकने चष्मा नाकावर वर सरकवला. लेकीला वकील करताना, ती आपल्यालाच उलटतपासणीत घेईल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मला सांगा, मितेशदादा गेला त्या दिवशी त्याची बायको कोण होती?"

"आता हे काय इचारनं झालं? रंजिता."

"मग कायदा तो दिवस धरतो. तिचा हक्क त्याच दिवशी उभा राहिला. ती परवा लग्न करू दे, नाहीतर हिमालयात जाऊ दे. नव्या मंगळसूत्राने जुना हक्क पुसला जात नाही. समोरचा वकील आरडाओरडा करेल, रक्कम कमी करा म्हणेल. म्हणू दे, ते त्याचं काम आहे. आणि दावा एकट्या रंजितावहिनीचा नाहीच. मोठी आई पण आहे अर्जदार. दोघींचं शपथपत्र आम्ही आधीच दाखल केलंय. उद्या दोघींपैकी कुणीही पिंजऱ्यात उभं राहिलं तरी चालतं."

"आन मिटवायचं म्हनलं तर?"

"मिटवता येतं की. लोकअदालतीत मिटतं. विमा कंपनी समोर बसते, जज्जांच्या देखत बोलणं होतं, पटलं तर हो, नाही तर केस पुढे चालू. हॉटेलात चहा पिऊन मिटत नाही. आणि ड्रायव्हरवरची पोलीस केस तर सरकारची. ती आपल्या सहीने मागे जातच नाही. तो माणूस ते पण मिटवतो म्हणाला असेल ना?"

"म्हनाला," विनायक जरा हळू झाला.

"सहीच्या वर काय लिहायचं म्हणाला, बाबा?"

विनायक मांडवाच्या झालरीकडे बघू लागला. "तेच… का मितेश बी जरा उलट्या बाजूला व्हता. जरासाच."

सुपं थांबली. डीजेवाल्याने नेमकं तेव्हाच "चेक" म्हटलं, पण कुणी जबाब दिला नाही.

"आवं," भामाने सूप खाली ठेवलं, "पोरगा आपल्या बाजूनं चालला व्हता. आख्खा फाटा सांगतो. आन तुमी हे आयकून चा पिऊन आलाव?"

"चा आधी आला," विनायक कळवळून म्हणाला. "हे बोलनं मागून निघालं. मना वाटलं, गेलेला काय परत येत नाय, निदान राहिलेल्यांचा घोर तरी जाईल. माजा काय तो कुनी नव्हता? खांद्यावर घेऊन फिरवलाय मी त्याला."

हे ऐकलं तसा भामाचा राग उतरला. तिने नवऱ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला, पण बाजू बदलली ती बदललीच. "नाय मिटवायचं," ती म्हणाली. "उद्या मीच जाते साक्षीला. बोलाला मी काय कमी हाय?"

"तू अर्जदार नाहीस गं आई."

"मंग घाल ना माजं नाव अर्जात!"

पुन्हा हसू फुटलं. रंजिता पुढे झाली. "मी जाते. सकाळी जाऊन दुपारपर्यंत येईन."

"अजिबात नाय," चांगुणा पहिल्यांदा पाठ सरळ करून बसली. "सकालच्याला देव बसतील. देव बसले का नवरी मांडवाभायेर पाऊल टाकत नाय. माज्या उभ्या जन्मात नाय टाकलं कुनी."

"पुढची तारीख मागता येईल," दिपिका म्हणाली. "पण मागच्या वेळी पण आपणच मागितली. समोरचे त्याचीच वाट बघतायत. साक्षीदारच येत नाहीत म्हणतील."

हळूहळू सगळ्यांच्या नजरा ठमाबाईकडे वळल्या. तीही त्यांच्याकडे बघत होती. मग ती उठली, पदर सावरला आणि "दिव्याची वेल झाली" एवढंच म्हणून परसात गेली.

तुळशीपुढे तिने वात पुढे सारली. मागून बांगड्या वाजल्या. हिरव्या, नव्या, अजून अंगवळणी न पडलेल्या.

"आई, तुम्ही नका जाऊ," रंजिता म्हणाली. "मला माहितेय तुम्हाला काय होतं ते. मी विश्वजीतला फोन केला. म्हटलं, लग्न पुढे ढकलायचं का. तर म्हणाला, 'तुझी तारीख आधी. मी क्रेनवर बसतो, मला थांबायची सवय आहे. वरून सगळं नीट दिसतं.'"

ठमाबाईला हसू आलं. "बरा हाय गो. पन त्याला नको थांबवू. थांबनं लय वाईट." तिने रंजिताच्या कपाळावरची बट मागे सारली. "तो जाताना मना एकच काम सांगून जायाचा. दार उघडं ठेव. बास. मी दोन वरसं फकस्त लाकराचं दार उघडं ठेवलं. तुजं दार बंद करून त्याचं उघडं ठेवलं, तं त्याला बरं वाटंल काय?"

"पण उद्या गुरुवार. तुमचं मौन."

ठमाबाईने दिव्यात तेल घातलं. वारा नव्हता, तरी ज्योत थोडी वाकली आणि पुन्हा उभी राहिली.

"तू सुखानं हलद लावून घे. तारखेला मी जाईन," ती म्हणाली. "वचन."

सकाळी मांडवात देव बसले. केळीचे खुंट, आंब्याचे टाळे, सुपात नारळ आणि तांदूळ. ठमाबाई मध्ये पाटावर, शेजारच्या पाटावर रंजिता. उठल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे घरातले एकमेकांकडे बघत होते. दिपिका कोट इस्त्री करून तयार बसली होती, पण विचारायचं धाडस कुणालाच होत नव्हतं. मौनात असलेल्या बाईला विचारून तरी काय उपयोग?

चांगुणाने कान झाकून सूर धरला. आधी गणपतीला बोलावलं, मग गावदेवीला, एकवीरा आईला, खाडीला, सूर्याला. धवल्यात सगळ्यांना आवतण लागतं, वगळलेला देव रुसून बसतो. मग ती थांबली आणि पान एका गालातून दुसऱ्या गालात सारून म्हणाली,

"आता घरचे गेलेले. घरच्या थोरानं नाव घ्यायाचं, मंग मी हाक मारीन. माज्या मनानं मी कुनाला बोलवत नाय."

असाच रिवाज होता. नाव घेतल्याशिवाय पितरांना वाट मिळत नाही. भामाने ओठ चावला. विनायक घाईने पुढे सरकला. त्याचे डोळे सुजलेले होते. "मी घेतंव नाव," तो म्हणाला. "वयनीचं मौन हाय. मीच घेतंव."

ठमाबाईने त्याच्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही.

"काशिराम," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव. ते उखाण्यात घेतलेलं, त्यामुळे ओठांना ओळखीचं होतं. मग ती थांबली. डीजेवाल्याने काय ओळखलं कोण जाणे, त्याने स्पीकरची घरघर बंद केली. इतकी शांतता झाली की सुपातला नारळ कलंडला तोही ऐकू आला.

"मितेश," ठमाबाई म्हणाली. मग पुन्हा, पूर्ण, प्रत्येक शब्द वेगळा. "मितेश काशिराम भोईर. या घरचा लेक."

तिच्याच कानांना तो आवाज अनोळखी वाटला. मोठा नव्हता, पण मांडवाच्या टोकापर्यंत गेला. तिला वाटलं होतं, हे नाव तोंडातून निघालं की आत काहीतरी तुटेल. तसं काही झालं नाही. उलट बऱ्याच दिवसांनी कुणीतरी घरी आल्यासारखं वाटलं.

चांगुणाने डोळे मिटले आणि जागीच शब्द जुळवले.

"ये रं मितेश बाला, मांडवदारी ये,
तुज्या घरची लेक न्हाते, पानी घालाला ये."

रंजिता पाटावर बसल्या बसल्या रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. मग सगळ्याच बायकांनी धवला उचलला, कुणाचा सूर वर, कुणाचा खाली. भामाने डोळे पुसता पुसता ठमाबाईला कोपराने ढोसलं.

"गेलं तुजं मौन, बाय. आता उद्या पालनार काय? लग्नात मुकी बसलीस तं व्याही बोलतील, इहीन बोलकी दाखवली आन मुकी निघाली."

"देवाच्या म्होरं गेलं, देवाकरंच गेलं," ठमाबाई म्हणाली. आणि एवढ्या मोठ्याने म्हणाली की भामा बघतच राहिली.

उगाळलेल्या हळदीचं पहिलं बोट देवांना, दुसरं नवरीला. आईच्या मानाने ते ठमाबाईनेच लावलं. रंजिताच्या गालावर बोटं फिरवताना तिचा तळवा पिवळाधमक झाला. मग बायकांनी नवरीला घेरलं आणि डीजेवाल्याने दोन दिवस राखून ठेवलेला पहिला ठोका दिला. चांगुणासुद्धा खांबाचा आधार सोडून नाचायला लागली. वहिनीला कोर्टात सोडायला विनायकने गाडी काढायचा प्रयत्न केला, पण गाडी डीजेच्या ट्रकमागे अडकलेली. तो ट्रकवाल्याला हात जोडत होता आणि ट्रकवाला त्याला नाचायला ओढत होता.

त्या गलबल्यात ठमाबाई आत गेली. हात धुतले, पण हळद गेली नाही. तिनेही फार घासली नाही. केळीच्या पानात चार गोड घारगे बांधले. त्या क्लार्कला जेवायचं आमंत्रण दिलं होतं, शब्द फुकट कसा घालवायचा? देवघरात दोन्ही हात जोडले. तळहात तळहाताला जरा चिकटले.

कोपऱ्यावर दिपिकाची स्कूटर चालू होती. तिने हात केला.

देवघरातून ठमाबाई ओटीवर आली. आत रंजिताला न्हाऊ घालायचं चाललं होतं, पाण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. तिने दार हलकेच लोटून घेतलं. कडी तशीच लोंबत राहिली.

"हां रं," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.